टिपणीस संडासात अडकले तेव्हा

मुलुंडला आमच्या चाळीत श्यामकांत टिपणीस नावाचे गृहस्थ राहायचे. विमा कंपनीत कारकून. अंगाने काडी, आवाज मात्र ढोलासारखा. एकदा जिन्यात ते सहज बोलून गेले, "शेजारचं भांडण रेडिओपेक्षा बरं, लायसन लागत नाही." चाळ हसली आणि टिपणिसांची वाट लागली.

त्यानंतर त्यांना साधं बोलायची सोयच उरली नाही. ते दिसले की लोक तोंडाकडे बघत उभे राहायचे. मग बिचाऱ्यांना काहीतरी द्यावंच लागे. "उसनी साखर परत येते, पण चहा पिऊन येते." "आपली चूक माणूस चष्मा काढून बघतो, दुसऱ्याची चष्मा लावून." बारशाला त्यांना बोलावणं, बाराव्यालाही बोलावणं. एका बाराव्याला त्यांनी नुसतं "जरा पाणी द्या" म्हटलं, तर मयताचा मुलगा त्यांच्या गळ्यात पडून हमसून रडला.

सत्तावन्न सालच्या श्रावणात, एका रविवारी सकाळी ते चाळीच्या संडासात गेले आणि फुगलेलं दार चौकटीत घट्ट बसलं. बाहेर रांग होती. पहिला गिरणीतला लवू परब, हातात टमरेल.

"अहो, दार उघडा!" आतून आवाज आला.

लवू रांगेकडे वळला. "ऐकलात? मनाचा दार म्हणतत ते."

"वा!" मागून कोणीतरी म्हणालं.

"अरे, मी आत अडकलोय!"

"सगळेच अडकलोत, टिपणीस," रांगेतले निवृत्त हेडमास्तर म्हणाले. "पण कबूल कोण करतो?"

"थट्टा नाही हो! इथे जीव गुदमरतोय!"

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. लवू मात्र एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. "पटला, टिपणीसानु," तो कळवळून म्हणाला, "पण ह्या तुमी भायर येवन सांगा मां. माका घाई आसा."

"त्यासाठीच बोंबलतोय ना, गाढवा!"

"माका गाढव म्हणाले!" लवू हरखला.

एवढ्यात टिपणिसांची बायको कुंदाताई वरून वरवंटा घेऊन उतरली. नवऱ्याचं एकही वाक्य तिने आजवर मनावर घेतलं नव्हतं, त्यामुळे तिचं डोकं शाबूत होतं. "सरका," ती म्हणाली आणि तिने दाराच्या कडेवर घाव घातले. दार उघडलं. टिपणीस घामाने निथळत बाहेर आले. रांगेने टाळ्या वाजवल्या. लवू टाळ्यांसाठी थांबला नाही.

टिपणिसांनी त्या दिवसापासून चाळीत तोंड उघडायचं सोडलं. लोक त्यांच्या गप्प बसण्याचेही अर्थ लावू लागले. त्यावरून हेडमास्तर आणि तळमजल्यावरचे वैद्य यांचं बोलणं तुटलं. दिवाळीनंतर टिपणिसांनी चेंबूरला बिऱ्हाड हलवलं.

ट्रकमध्ये ट्रंका चढवताना मी कुंदाताईला विचारलं, "आता तिकडे कसं व्हायचं यांचं?"

"तिकडे खाली कानडी, वर सिंधी," ती म्हणाली. "कुणाला मराठी कळत नाही. जरा ही भांड्यांची पाटी धर बघू."