मागच्या खिडकीचं दार

नव्वदच्या दशकात आम्ही घणसोलीजवळ राहायला आलो, तेव्हा नळाला दिवसातून तासभर पाणी यायचं, बाकी भरवसा टँकरवर. तळवली गावातले जुने लोक आणि आम्ही नव्या सोसायट्यांतले, सगळ्यांची पाइपलाइन एकच. म्हणून पाणी समितीही एकच केली होती आणि मी तिची सेक्रेटरी होते. सभा गावातल्या जुन्या हॉलमध्ये भरायची. खाली रेशनचं दुकान आणि त्याचं गोदाम, वर हॉल. चढायला उभ्या, अरुंद अठरा पायऱ्या.

समितीत साताऱ्याकडचे एक माथाडी होते, मार्केटात पोती उचलणारे. गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. सभेत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. वाद घालायचे, पण मुद्दा सोडून कधी बोलायचे नाहीत. एक दिवस ट्रकवरून पडले आणि कमरेखाली सगळं लुळं पडलं. आठ महिन्यांनी हॉस्पिटलमधून आले ते चाकाच्या खुर्चीवर.

पुढच्या सभेला समितीतल्याच त्यांच्या चार दोस्तांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या सभेत ते एक शब्दही बोलले नाहीत. नंतरच्या दोन सभांना आलेच नाहीत, म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेले.

"ताई, वर न्हेलं की मी तुमच्या ताब्यात," ते म्हणाले. "लघवीला जायचं तरी चार जणांना उठवायचं. आन त्या दिवशी मला टँकरच्या वेळंवर बोलायचं हुतं. पण ज्यांच्या खांद्यावरनं वर आलो, त्यांच्याच इरुद्ध कसं बोलू?"

त्यांच्या बायकोने चहा पुढे केला. मी तो घेतला. टाळ्या वाजवल्याची मला लाज वाटत होती.

पुढच्या सभेत मी विषय काढला. कुणी म्हणालं, देवळाच्या अंगणात बसू. पण पावसाळ्यात काय? कुणी म्हणालं, त्यांचं म्हणणं घरी जाऊन लिहून आणू, टेन्शन नको. लिफ्टचं नाव निघताच सगळे हसले. कोपऱ्यात गावातले एक म्हातारे बसले होते. हॉल बांधताना त्यांनी स्वतः दगड वाहिले होते. ते म्हणाले, "जिना कशाला धरून बसलाव? मांगं खिरकी हाय ना. तिथं जमीन वर हाय."

आम्ही सगळे खिडकीशी गेलो. इतकी वर्षं तिथे बसत होतो, पण कुणी धड बाहेर पाहिलं नव्हतं. हॉल टेकडीच्या उताराला टेकवून बांधलेला होता. मागे एक कच्चा रस्ता हळूहळू चढत आला होता आणि तिथली जमीन हॉलच्या फरशीपेक्षा जेमतेम दोन-अडीच फूट खाली होती.

खिडकी फोडून दार केलं. गवंड्याने दोन दिवसांत सिमेंटचा उतार घातला. दिसायला छान. माथाडी वळसा घालून मागच्या रस्त्याने आले, चाकं धरून वर चढू लागले. अर्ध्यावर खुर्ची मागे सरकायला लागली. माझ्या नवऱ्याने धावत जाऊन धरली.

"फोडा ह्ये," माथाडी म्हणाले. गवंडी चिडला. "अहो, चांगला मजबूत आहे!"

"मजबूत हाय, पर उभा हाय. ट्रकला फळी किती तिरकी लावली की पोतं माणसाला मागं ओढतं, ते मला इचारा."

मग तेच खुर्चीवर बसून उतार आखायची दोरी धरायला लागले. नवा उतार तिप्पट लांब झाला, मध्ये वळण आणि टेकायला सपाट जागा. हॉलमधल्या संडासाचं दारही रुंद केलं; ते आम्हाला शेवटपर्यंत सुचलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

त्या महिन्याच्या सभेला ते एकटे आले. टँकर सकाळी सातला यावा असा ठराव मी मांडला होता. ते म्हणाले, "सातला मार्केटातली माणसं कामावर असत्यात. पाणी बायकांनीच वडायचं का?" मतदान झालं, माझा ठराव पडला. घरी जाताना मला राग आला होता, हे मी कबूल करते. पण खूप दिवसांनी सभा सभेसारखी झाली होती, हेही खरं.

पहिल्याच पावसात मागच्या दारातून पाणी हॉलमध्ये शिरलं आणि आम्हाला चर खणावा लागला. त्याच सुमारास आमच्याच बिल्डिंगमधल्या एक आजी काठी टेकत त्या दाराने आत आल्या आणि पुढच्या ओळीत बसल्या. त्यांना सभांची आवड नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. मी विचारलं, "आजी, आज कशा काय आलात?"

"गुडघे गं," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांत कुणी विचारलंच नाही."

मी रजिस्टरमध्ये त्यांचं नाव लिहून घेतलं आणि सभा सुरू केली.