जेवून झोपणारी पोकलेन

जगातलं प्रत्येक यंत्र कधी ना कधी रडतं आणि ते रडणं आपल्यालाच उद्देशून असतं, अशी ठाम समजूत असलेले गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले. ते माझ्या बायकोचे मामा, म्हणून मीही त्यांना मामाजी म्हणतो. बँकेने मला पुण्याहून उचलून जबलपूरला टाकलं, तेव्हा मदन महल भागातल्या त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो. त्यांनी मला 'या, बसा' म्हणण्याआधी माझ्या स्कूटरकडे कान लावला आणि म्हणाले, "जवाईबापू, हिचा घसा धरून राहिला." माझ्या तब्येतीची चौकशी त्यांनी कधीच केली नाही. मी आवाज करत नाही, हाच माझा दोष.

मामाजींचा धंदा पोकलेन दुरुस्तीचा. लांब सोंडेने माती उपसणारं ते पिवळं धूड दिसायला हत्ती असलं, तरी हल्ली त्याच्या पोटात कॉम्प्युटर असतो, आणि काही बिनसलं की केबिनमधल्या स्क्रीनवर एक नंबर लुकलुकतो. त्याला म्हणायचं कोड. इतर मेकॅनिक नंबर वाचतात, तो ज्या भागाचा असेल तो भाग बदलतात आणि घरी जातात. मामाजीही लॅपटॉप जोडत, नंबर वाचत, आणि मग डोळे मिटून मशीनशेजारी आडवे होत. "कोड म्हणजे लेकराचं रडणं. रडून राहिलं एवढंच कळते. पोट दुखते का कान, ते आपल्याला पाहा लागते." या पाहण्यात ते एकदा खरोखरच झोपले आणि घोरू लागले, तेव्हा मालकाने हा नवा आवाज कुठून आला म्हणून इंजिनाचं झाकण उघडलं होतं. दुरुस्तीनंतर जुना कोड मशीनच्या आठवणीत शिल्लक राहतो. तो पुसून टाकायची पद्धत आहे, पण मामाजी पुसत नसत. "दुखणं गेलं ना? मग आठवण राहू द्या. आठवणीनं काय डिझेल जास्त लागते?"

त्यांच्या संगतीत मीही डोळे मिटायला शिकलो. एका रविवारी आमच्या पाण्याच्या पंपापाशी ध्यान लावून मी बेअरिंग गेल्याचं जाहीर केलं. पंप खोलून, पुन्हा बसवून झाल्यावर कळलं की घरघर शेजारच्या पिठाच्या गिरणीची होती. मामाजींनी माझी समजूत काढली, "निदान बरोबर होतं. पेशंट चुकला."

संध्याकाळी ते नर्मदेच्या ग्वारीघाटावर जात. आरतीला थांबत, पण देवासाठी थांबत की घंटेसाठी, हे नर्मदामाईलाच ठाऊक. घाटाच्या पायरीवर बसून डोळे मिटून ते होड्यांची वल्ही ऐकत. कुठलं वल्हं कुरकुरतं, कुणाच्या वल्ह्याची दोरी सैल झाली, हे पाण्याकडे न बघता सांगत. नावाडी हसत, आणि दुसऱ्या दिवशी दोरी आवळलेली असे.

मामींचा जीव मात्र बंगलोरला, लेकीकडे. नात मोठी होऊन राहिली, आपण इथे काहून बसलो, हा त्यांचा प्रश्न. त्यावर मामाजींचं उत्तर ठरलेलं: ज्या दिवशी एक मशीन मला हरवेल, त्या दिवशी बॅग भरू. मामी माझ्या पानात भाजी वाढता वाढता म्हणत, "मी रोज माईले हात जोडते, एखादी तरी मशीन यांचं ऐकू नको देऊ."

माईने शहपुऱ्याजवळच्या एका गावात ऐकलं असावं. तिथे तलाव खोल करणारी एक पोकलेन रोज दुपारी बंद पडायची. कोड तोच: सेन्सरचा निरोप येत नाही. सेन्सर बदलला, तरी नंबर हजर. मामाजी तिकडे पुन्हा पुन्हा जात आणि तसेच परत येत. मामींनी माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली. तेव्हा सुट्टीच्या दिवशी मामाजी मला म्हणाले, "चला. तुमचे कान नवे आहेत."

तिथले ऑपरेटर रज्जू यांनी मशीनचा स्वभाव एका वाक्यात सांगितला. "साब, हमाए रोटी खाने के बादई सो जाती है. हमाई तरह." मामाजी पळसाच्या सावलीत आडवे झाले. मशीनची सोंड पाण्यावर वाकलेल्या बगळ्यासारखी खाली जात होती, वर येत होती, आणि बघता बघता माझेही डोळे जड झाले. थोड्या वेळाने रज्जू इंजिन चालू ठेवूनच चहाला उतरले. मला झोपेपेक्षा भूक जास्त लागली होती. मी केबिनमध्ये चढलो, तर सीटमागे एक कापडी पिशवी टांगलेली. मामींनी आमच्याबरोबर दिलेला डबा या भल्या माणसाने गारव्याला ठेवला, असं मानून मी उघडला. आत बाटी आणि भरता, म्हणजे आपलं वांग्याचं भरीत. मामी जन्मात बाटी करत नाहीत, पण भुकेला माणूस पुरावे तपासत नाही. सगळं संपवून रिकामा डबा मी सभ्यपणे परत टांगला.

रज्जू आले, सोंड उचलली, आणि मशीन बंद. तोच नंबर.

"आज तो सबेरेई सो गई," रज्जू म्हणाले. मग त्यांनी पिशवी हलवून पाहिली. "और हमाओ डब्बा कौन खा गओ?"

सावलीतले मामाजी उठून बसले. "डबा कुठं टांगला होता?"

सीटमागचं झाकण तुटलेलं होतं, आणि बाहेर आलेल्या सेन्सरच्या वायरींच्या जुडग्याचं रज्जूंनी हुक केलं होतं. भरल्या डब्याच्या वजनाने ढिला जोड घट्ट बसे, आणि डबा रिकामा झाला की खोदतानाच्या धक्क्यांनी तो सुटे. साहेब लोक तपासायला केबिनमध्ये चढले की रज्जू अदबीने पिशवी बाजूला काढून ठेवत, आणि उभ्या मशीनमध्ये सगळं ठीक असे. मामाजी इतके हसले की रज्जूंनी बाटीसाठी मला माफ केलं.

परतताना मी म्हणालो, "शोधलंत शेवटी, मामाजी."

"नाही जवाईबापू. माझे कान हरले. तुमचं पोट जिंकलं."

"पण हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळून राहिलं ना."

बॅग भरून झाल्यावर मामींनी माझ्यासाठी पुरणपोळी केली. माझ्या आयुष्यातलं न जमलेलं ते एकमेव जेवण.

आता ते बंगलोरला असतात, बाराव्या मजल्यावर. तिथे म्हणे लिफ्टसुद्धा आवाज करत नाही. रविवारी संध्याकाळी मी ग्वारीघाटाच्या त्यांच्या पायरीवर जातो, फोन लावतो आणि पाण्याच्या दिशेने धरतो. परवा आरती संपून घाट निवांत झाला, दिवे वाहत लांब गेले, तरी पलीकडून शब्द नाही.

"झोपलात का, मामाजी?"

"ऐकून राहिलो," ते म्हणाले. "त्या नाववाल्याला सांगा, डाव्या वल्ह्याची दोरी सैल झाली."

मी सांगितलं. नावाड्याने वल्हं थांबवलं, दोरीकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या पायरीकडे.

"बाबूजी आए हैं क्या?" त्याने विचारलं.

मी फोन त्याच्याकडे वळवला.