देवजीने रंगवलेलं घड्याळ

शहापूरच्या एसटी स्टँडसमोर देवजी घड्याळवाल्याची फळ्यांची टपरी आणि तिला चिकटून माझं रबरी शिक्क्यांचं दुकान. सोळा वर्षं आम्ही शेजारी होतो. सकाळी नऊला तो एका डोळ्याला भिंग लावायचा, ते संध्याकाळीच काढायचा. तेव्हा तो डोळा लाल झालेला असे आणि दुसरा नुसताच कंटाळलेला. "दमलो रे," एवढंच म्हणायचा. मी रोज विचारायचो, "बसून बसून कसला दमतोस?" तो भिंग पुसून डबीत ठेवायचा.

लग्नसराईआधी आणि मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेआधी त्याच्याकडे रीघ लागायची. प्रत्येकाचं मागणं एकच, नव्यावानी करून दे. देवजी ओरखडे घासायचा, घड्याळाची धातूची केस पॉलिशच्या चाकावर धरून चकाचक करायचा, पिवळी पडलेली डायल रंगवायचा, काटे बदलायचा. मुरबाडपासून लोक यायचे. आजोबाचं घड्याळ जावयाला नवं म्हणून देऊन मोकळे झालेले दोघेतिघे तर मलाच माहीत आहेत.

पुढे मोबाइल आले आणि गिऱ्हाईक आटलं. सेल बदलण्यापुरते लोक फिरकत. अशातच कल्याणचा विपुल त्याच्याकडे यायला लागला. मुंबईच्या शौकिनांसाठी जुनी घड्याळं गोळा करणारा हा पोरगा बोलायला गोड होता, पण मशीनमधलं त्याला फारसं कळत नव्हतं. घेण्याआधी घड्याळ देवजीकडून उघडून बघायचं आणि बघण्याचे शंभर रुपये द्यायचे, असा व्यवहार. पहिल्याच दिवशी त्याने देवजीला धडा दिला.

"काका, डायल फिकी चालेल. काटे गंजलेले चालतील. पण कोणी पॉलिश केलेलं, रंगवलेलं नको. त्याला किंमत शून्य."

तो गेल्यावर देवजी मला म्हणाला, "ऐकलंस? म्हंजे तीस वर्षं मी लोकांची घड्याळं नासवत होतो." मी हसलो. तो हसला नाही.

दोन हजार चारचा जानेवारी. म्हशाची जत्रा भरली होती. किन्हवलीचा बारकू तिथे बैल बघायला गेला होता. त्याच्या जोडीतला एक बैल दिवाळीत मेला, उरलेला दावणीला बसून होता. एका बैलाचे दात मोजायला बारकूने त्याचं तोंड उघडलं आणि तिथेच उभ्या असलेल्या विपुलची नजर बारकूच्या मनगटावर पडली. पाण्यात बुडी मारणाऱ्यांचं जुनं स्विस घड्याळ होतं ते. बारकू तरुणपणी धरणाच्या कामावर एका पाणबुड्या साहेबाचा दोर धरायचा. दोन हंगाम धरला. साहेब जाताना घड्याळ काढून देऊन गेला.

विपुल म्हणाला, सगळं मूळचं असेल तर चाळीस हजार देतो. सोमवारी शहापूरला देवजीकाकांकडे उघडून बघू. बारकूने तिथल्या तिथे एक जोडी पसंत केली. व्यापाऱ्याने मंगळवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. बारकूला वाटलं, देवजी तर आपलाच माणूस, मग घोर कसला?

सोमवारी तिघे टपरीत जमले. मी माझा गल्ला सोडून मध्ये मान घातली होती. देवजीने घड्याळ हातात तोललं. डायलभोवतीची कडी फिरवली, ती टकटक करत नीट फिरली. चावीचे आटे शाबूत होते. घड्याळ कानाला लावून तो जरा वेळ डोळे मिटून बसला. मग मागचं झाकण उघडलं आणि त्याचा हात थांबला.

घड्याळ दुरुस्त करणारे झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि साल कोरून ठेवतात. त्या झाकणात केसाएवढ्या रेघांत 'दे' होता, खाली ८४. देवजीशिवाय ते कोणाला वाचता आलं नसतं.

"काय काका? ओरिजिनल ना?" विपुलने विचारलं.

त्याने नुसती मान हलवली असती तरी भागत होतं. विपुलने डोळे झाकून पैसे मोजले असते. देवजीने भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"नाय. डायल रंगवलेली हाय. काटे दुसरे हायत. केस घासलेली हाय."

"कोणी केलं हे?"

"मीच. चौऱ्याऐंशी साली, याच्या लग्नाला."

"हां! काय झ्याक केलं व्हतंस रे देवजीदादा!" बारकू खुशीत म्हणाला. "मांडवात सासरा निस्तं घड्याळच बघत व्हता." बिचाऱ्याला अजून काही कळलंच नव्हतं.

मग विपुलने समजावलं. आता यात फक्त मशीनचे पैसे, चार हजार. त्यालाही वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण चार हजारांत म्हशाला बैलाचं शेपूटही मिळत नव्हतं.

बारकू विपुलकडे वळला. मग म्हणाला, "बैल इकायला नेतो तवा आमी शिंगं साळतो, रंग देतो. किंमत चढते. तुमच्यात उतरते कशी?"

विपुल हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मला मात्र देवजीचा असा राग आला की मी सगळ्यांदेखत बोललो, "एक मान हलवली असतीस तर आभाळ कोसळणार होतं का?"

"तो मला बघायचे पैसे देतो," देवजी म्हणाला. "बघितलं ते सांगितलं." आवाजात ना राग, ना तोरा. नुसता शिणलेला.

तेवढ्यात बारकूला काहीतरी सुचलं. "देवजीदादा, मंग तो रंग पुसून टाक ना! खाली मूळचं असंलच की."

विपुलनेही मान वर केली. "हो काका! वरवर रंग मारलेला असला तर खालची डायल निघते कधी कधी. काट्यांचं बघू आपण. मी मग पंचवीसपर्यंत जाईन."

बारकूने घड्याळ उचलून देवजीच्या हातात दिलं. पंचवीसमध्येही जोडी आरामात येत होती. देवजी त्या काळ्याभोर डायलकडे बघत राहिला. वीस वर्षांत तिच्यावरचा एक टिपकाही उडाला नव्हता.

"वरवर रंग मारणारे बाजारात लय व्हते," तो म्हणाला. "घंटाभरात देयाचे करून. मी आधी मूळचा रंग सगळा खरवडला. पितळ उघडं केलं, मंग रंग चढवला. पाच दिस लागले."

त्याने घड्याळ बारकूपुढे ठेवलं.

"मी कामचोर असतो ना बारकू, तर तुझी जोडी आली असती."