नर्सबाईंचा गुडघा आणि नंदिनीचा टॅब

नाचणगावात सुलोचनाबाई थूल यांना नावानं हाक मारणारी माणसं आता चार-दोनच उरलीत. बाकी सगळ्यांसाठी त्या नर्सबाई. तेहेतीस वर्षं त्यांनी उपकेंद्रांवर काढली, आधी रोहण्याकडे, मग पुलगावच्या आसपास. रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी गावातल्या बाया नातवाचा ताप आधी त्यांनाच दाखवतात. बाईंचा चेहरा सदा गंभीर, आणि त्यामुळेच त्यांच्या सगळ्या खोड्या खपून जातात. रोहण्यात एका सासूनं पोलिओचा डोस नको म्हणून नातवाला आतल्या खोलीत लपवलं होतं. बाळ मामाकडे गेलंय, असं ती पोटतिडकीनं सांगत होती. बाईंनी वाद घातला नाही. ओट्यावर बसल्या, चहा मागितला, आणि बशीवर चमच्यानं ठेका धरून इतकं बेसूर गाऊ लागल्या की आतून बाळ खिदळलं. सासूलाही हसू आवरेना. डोस पाजून बाई पुढच्या घरी गेल्यासुद्धा.

तर अशा बाईंची नात नंदिनी नीटच्या परीक्षेत चांगले मार्क पाडून वर्ध्याकडच्या एका मेडिकल कॉलेजात लागली. पेढे वाटून झाले, ॲप्रन शिवून झाला, आणि घरात भांडण सुरू झालं: पोरीला लॅपटॉप घ्यायचा की टॅब?

शेजारचे रूपराव गुरुजी लॅपटॉपच्या बाजूचे. रोज संध्याकाळी जयभीम घालून ते ओट्यावर बसत आणि डॉक्टरकीचा अभ्यास मोठ्या पडद्यावरच व्हायला पाहिजे, हातातल्या पाटीवर होत नाही, असं सांगत. बाईंचा पुतण्या अनुप याचं पुलगावात मोबाइलचं दुकान. त्याच्या मते लॅपटॉप म्हणजे जुन्या जमान्याचं ओझं. नंदिनीचे वडील रत्नदीप पंचायत समितीत बाबू. जो शेवटी बोलला त्याचं त्यांना पटायचं. आणि बाई? त्या गुरुजींना एकट्यात गाठून म्हणायच्या की लॅपटॉपच बरा, अनुप आला की त्याला म्हणायच्या टॅबच बरा. चार दिवस त्यांची मोठी करमणूक झाली.

पाचव्या दिवशी नंदिनीनं त्यांना चुलीपाशी गाठलं. "आजी, तू दोघायलेही हो म्हणून राह्यली. तिथली पोरं काय वापरतात, हे कोणी पाह्यलं काय?"

कोणीच पाहिलं नव्हतं. बाईंना ते मनापासून पटलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण शकुबाईकडे जाते असं सांगून त्या ठेवणीतली साडी नेसून बसमध्ये बसल्या आणि थेट कॉलेजच्या दवाखान्यात उतरल्या. उगीच हिंडणाऱ्या म्हातारीला कोणीही हटकतं, लंगडणाऱ्या म्हातारीला सगळे वाट देतात, हे त्यांना नोकरीमुळं माहीत होतं. त्यांनी केसपेपर काढला आणि त्यावर लिहून घेतलं, डावा गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत होता. याच गुडघ्यानं त्या यंदाच्या उन्हाळ्यात गिरडची टेकडी न थांबता चढल्या होत्या.

नंबर यायला वेळ होता. बाई लंगडत लंगडत कॅन्टीनपर्यंत गेल्या. एक पोरगी लॅपटॉप छातीशी धरून चार्जिंगची जागा शोधत टेबलाटेबलावरून फिरत होती. कोपऱ्यात दोघं जण टॅबवर पेननं हाडांचं चित्र रंगवत होते. बाई त्यांच्याशेजारी टेकल्या आणि हे काय असतं म्हणून भोळेपणानं विचारलं. पोरांनी हौसेनं सगळं दाखवलं. सरांनी पाठवलेलं पान इथं उघडतं, त्यावरच लिहिता येतं, वहीसारखं. पहिल्या वर्षाला एवढं पुरतं. पुढं प्रोजेक्ट आले, लांबलचक टायपिंग आलं की लॅपटॉप लागतो, पण लायब्ररीत कॉम्प्युटर आहेत. मोठा टॅब मात्र घेऊ नका, त्यातली मुलगी म्हणाली. ॲप्रनच्या खिशात मावत नाही आणि मग तो हॉस्टेलवरच राहतो. बाईंनी तिच्या ॲप्रनचं कापड फार छान आहे म्हणत खिशाचं माप घेतलं. एक वीत, दोन बोटं कमी. ते त्यांनी केसपेपरच्या मागे लिहून ठेवलं.

मग नंबर आला. समोर आकांक्षा नावाची शिकाऊ डॉक्टर होती. कोवळी, नाकावर घाम, पण बोलायला गोड.

"आजी, सध्या कोणती टॅबलेट घेता तुम्ही?"

"तेच तर तुले विचाराले आली, बाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आठ इंची घेऊ का अकरा?"

आकांक्षानं समजावलं, की ती गोळीबद्दल विचारते आहे. बाईंनी मान हलवली आणि पेन सोबत येतो का, ते विचारलं. आकांक्षानं केसपेपरवर काहीतरी लिहिलं. बाईंनी उलट्या बाजूनं वाचलं: पेशंट थोड्या गोंधळलेल्या वाटतात. हे मात्र त्यांना लागलं.

पुढं जे झालं त्याचा त्यांना अंदाज नव्हता. आकांक्षानं बीपीचा पट्टा काढला आणि ब्लाउजच्या लांब बाहीवरूनच ढिलाढिला गुंडाळला. तेहेतीस वर्षांची सवय, बाईंची जीभ आपोआप चालली.

"बाहीवरून नाई बांधत व. बाही वर सरकव. दोन बोटं जातील एवढाच ढिला ठेव, अन् माह्या हाताखाली काहीतरी टेकू दे."

मागं उभ्या असलेल्या मोठ्या मॅडम वळल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "आजी, नोकरी कोणत्या केंद्रावर होती?"

बाईंनी सांगून टाकलं. मॅडमनी उजवा गुडघा दाबून पाहिला, बाई कण्हल्या. केसपेपरवर डावा आहे, मॅडम म्हणाल्या. बाईंनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की दुखणं मघाशी कॅन्टीनमध्ये इकडं सरकलं. आकांक्षा तोंडावर हात ठेवून हसू लागली, मॅडमही हसल्या. पण पट्टा नीट बांधल्यावर आलेला आकडा पाहून दोघींचं हसू थांबलं. एकशे सत्तर, एकशे चार. दहा मिनिटं बसवून पुन्हा पाहिलं. तोच.

अर्ध्या तालुक्याचं बीपी बाईंनी पाहिलं होतं. स्वतःचं शेवटचं कधी पाहिलं, ते त्यांना आठवेना. मॅडमनी तपासण्या लिहून दिल्या, गोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं, गुडघा कोणताही घेऊन या म्हणाल्या.

घरी बाईंनी टॅबचं सगळं सांगितलं, बीपीचं एक अक्षर नाही. पण खिशाचं माप दाखवायला केसपेपर काढला तो मागच्या बाजूनं, आणि नंदिनीनं तो सहज उलटला. तिनं पूर्ण वाचला. 'गोंधळलेल्या'सुद्धा.

"गोळी घेशील तरच दुकानात येजो," ती म्हणाली. "नाईतर मी गुरुजीले घेऊन जाते."

बाईंनी तिच्यादेखत गोळी घेतली.

अनुपकडे नुसते मोबाइल, म्हणून दोघी वर्ध्याच्या दुकानात गेल्या. तिथं दुकानदारानं आधी एक जाडजूड लॅपटॉप पुढं केला. त्याच्या बटणांखाली लाल-निळे दिवे पळत होते. हा लग्नाच्या मांडवात लावायचा आहे का, असं बाईंनी विचारलं आणि पिशवीतून नंदिनीचा ॲप्रन काढला. नंदिनी तो घालून, एकेक टॅब खिशात टाकून, दुकानभर फेऱ्या मारू लागली. दोन खिशात शिरलेच नाहीत. एकानं खिसा पार खाली ओढला. चौथा नीट बसला. नंदिनीनं पेननं त्यावर एक फासळी काढून पाहिली, आणि हाच म्हणाली. त्याला जोडायचा छोटा कीबोर्डही घेतला.

कीबोर्ड लावून बाईंनी टॅब गुरुजींना दाखवला, कीबोर्ड काढून अनुपला. दोघंही जिंकले. रत्नदीपनं दोघांचंही अभिनंदन केलं.

बाई आता नेमानं तपासणीला जातात. नवी बॅच आली की मॅडम मुद्दाम चार-पाच पोरं त्यांच्याकडे पाठवतात. बाई बाकावर बसून पहिल्यांदा त्यांना पोटदुखीची एक लांबलचक थाप सांगतात. पोरं ती मन लावून लिहून घेतात. एखादी नीट, मागचंपुढचं विचारू लागली, की मग बाई बाही वर सरकवतात आणि खरं काय ते सांगायला लागतात. मागच्या खेपेला त्या पोरांत नंदिनी होती. तिनं टॅब बंदच ठेवला होता, आणि आजीचं पोट कुठं दुखतं ते तिनं विचारलंसुद्धा नाही. तिनं सरळ आजीची बाही वर सरकवली.