तीन एप्रिलचा काळा टाय

"काळा टाय, अर्धा दिवस रजा. दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे ना?" पुष्करने विचारलं.

"गुड फ्रायडे आहे. बारा वाजता चर्चला पोचायचंय."

"गेल्या वर्षी अठराला गेला होतास. आज तीन तारीख. सण काय दरवर्षी तारीख बदलतो?"

"तुझी दिवाळी बदलत नाही?"

प्रसन्न नगरचा ख्रिस्ती, कावासाकीच्या या ऑफिसात सहा वर्षं. जपानात आज सुट्टी नसते. त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं का, हे मॅनेजर म्हणून पुष्कर सोमवारी कळवणार होता.

"इथे काळा टाय मयतालाच बांधतात. सकाळी शेजारच्या टेबलावरचे सातो-सान वाकून तुझं सांत्वन करत होते. घरी कुणी गेलेलं नाही, मग तू गप्प का राहिलास?"

"घरी नाही, पण क्रुसावर आजच्याच दिवशी गेला ना, त्यांचं सांत्वन चुकीचं नव्हतं." प्रसन्नने टायची गाठ सारखी केली आणि तो स्टेशनकडे निघाला.