भावाच्या नावाने आत शिरताना

थोरला भाऊ गेल्यावर सव्वा महिन्याने वहिनींनी मला उंब्रजला बोलावून घेतले आणि त्याच्या संगणकासमोर बसवले. संगणकावर जुन्या साडीचा तुकडा टाकला होता. तो त्यांनी उचलला, घडी घातली आणि हातातच ठेवला.

"रोज पहाटं दोन-दोन तास टाइप करत बसायचे. कुणाला लिवत हुते, काय लिवत हुते, मला वाचून सांगा, भावजी."

भाऊ फौजेत सिग्नलमध्ये होता. निवृत्त झाल्यावर त्याला जुन्या, काचेचे दिवे असलेल्या रेडिओंचा नाद लागला. घरच्यांना त्याने जन्मात कधी चार ओळींपेक्षा मोठे पत्र लिहिले नाही. तोच माणूस रोज दोन तास लिहीत होता, आणि ते आमच्यापैकी कुणासाठी नव्हते, हे मला त्या दिवशी नव्याने टोचले.

वहिनींना काय हवे होते ते मला ठाऊक होते. कऱ्हाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले होते की, हे छातीचे दुखणे निदान वर्षभराचे आहे, इतके दिवस काय करत होता? भाऊ तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. उत्तर वहिनींनी द्यायचे होते आणि त्यांच्यापाशी ते नव्हते. त्याला माहीत होते की नव्हते? माहीत असून लपवले असेल, तर ते एक दुःख. माहीतच नसेल, तर शेजारच्या खोलीत रात्रंदिवस तो खोकला ऐकणाऱ्या बाईने त्याला ओढून का नेले नाही, हे दुसरे. यातले कोणते आपल्या वाट्याला आले आहे, एवढेच त्यांना कळायला हवे होते.

मी सांगलीला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. इतक्या वर्षांत कोणी कोणते पुस्तक नेले हे मी दुसऱ्याला सांगितलेले नाही. एकदा एका बापाने मुलीचे कार्ड बघायला मागितले होते, त्यालाही नाही. दुसऱ्याच्या वाचनात डोकावणाऱ्याबद्दल मला पहिल्यापासून संशय येतो. आता ते काम माझ्याकडेच आले होते. त्या दिवशी मी संगणक सुरूही केला नाही. कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर रेडिओच्या एका चर्चामंडळाचा पत्ता होता, तेवढा उतरवून घेतला. आधी चौकशी करतो म्हणालो आणि एसटीने परत आलो.

सांगलीत आमच्या कॉलेजचे संगणक दुरुस्त करणारा एक दुकानदार आहे. माझ्याच वयाचा, तोंडाने मोकळा. त्याला सगळे सांगितले नाही. एका नातेवाइकाचे इंटरनेटवर असे चर्चेचे मंडळ होते, ते कसे उघडायचे, एवढेच विचारले.

"सर, तुमाला नुसतं वाचायचंय का बोलायचंय?"

"वाचायचं."

"मग पाव्हणा म्हणून जावा. पत्ता टाका, उघडतंय. पर पाव्हण्याला ओसरीवरचंच दिसणार. आतल्या खोल्या सभासदांना."

आधी हे सगळे न्यूजग्रुप होते, त्याने सांगितले. एक प्रोग्रॅम असतो, तो जगभरची पत्रे उतरवून घेतो आणि कोणाचे उत्तर कोणाला तशी माळ लावून दाखवतो. आता बहुतेक मंडळी फोरमवर गेली. तिथे स्वतःच्या नावाने नोंदणी करायची, कशासाठी यायचे ते लिहायचे, आणि त्यांचा एक देखरेख करणारा माणूस असतो, त्याने होकार दिला की आत.

"आणि तिसरी वाट म्हंजी नातेवाइकाचंच मशीन. त्यात पासवर्ड असणारच साठवलेला. ठेवून जावा मशीन, उद्या सगळं काढून देतो."

"नको. मीच बघेन."

"आवं सर, मी काय खाणार हाय व्हय त्याला? तुमी गिऱ्हाईक हाय का पोलीस?"

तो हसला. मी हसलो नाही. त्याने 'सगळं काढून देतो' म्हटले तेव्हाच माझे मन उठले होते.

पहिल्यांदा पाहुणा म्हणून गेलो, कॉलेजच्या संगणकावरून, जेवणाच्या सुट्टीत. भाऊ लगेच सापडला. त्याने टोपणनाव घेतले होते तरी सापडला, कारण तो सगळे मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहीत होता. सिग्नलमध्ये संदेश तसेच लिहितात. वर संदेशाचा क्रमांक, चोवीस तासांची वेळ, मग मजकूर. क्रियापदे जवळजवळ नाहीतच. ट्रान्सफॉर्मर तापतो आहे, दिवा बदलला, आवाज साफ. जुन्या पत्रांत कुणी कुणी त्याला रागावले होते, मोठी अक्षरे म्हणजे अंगावर ओरडणे, असे. नंतर कुणीच रागावले नव्हते. मला वाटते त्यांना सवय झाली.

दुखण्याबद्दल मात्र एक शब्द नव्हता. फक्त एका पत्राखाली देखरेख करणाऱ्याची ओळ होती: रेडिओखेरीज बाकीचे आतल्या विभागात लिहा. त्या पत्रातला मजकूर काढून टाकलेला होता.

त्या काढलेल्या मजकुराने मला झोप लागू दिली नाही. काय होते ते? आणि ही माणसे कोण? एकमेकांचे चेहरे न पाहिलेली, खरी नावे न सांगणारी. माझ्या भावाचे पेन्शन, घर, एकटेपणा, सगळे त्यांनी हळूहळू काढून घेतले असेल तर? कुणी त्याला एखादी पावडर, एखादा घरगुती उपाय सांगून डॉक्टरपासून लांब ठेवले असेल तर? स्वतःच्या नावाने नोंदणी केली तर आधी कारण लिहावे लागणार. भाऊ वारला हे कळताच ते आतले सगळे पुसून टाकतील, अशी माझी खात्री झाली. म्हणून मी तिसरी वाट धरली.

रविवारी सकाळच्या गाडीने उंब्रजला गेलो. वहिनी चहा ठेवून मागे उभ्या राहिल्या. संगणक चालू केला, प्रोग्रॅम उघडला. पासवर्ड खरोखरच साठवलेला होता. आतला विभाग हळूहळू उतरू लागला आणि त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. तो ठिपका मला दिसला, पण तो इतरांनाही दिसतो हे माझ्या लक्षात आले नाही.

दोन पत्रेही वाचून झाली नव्हती तोच पडद्यावर खासगी संदेशाची एक चौकट उघडली. कॅनडात टपालखात्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा होता. भावाच्या रेडिओच्या पत्रांत तो सतत दिसायचा. त्याने लिहिले होते: आलास. सात आठवडे झाले. छातीचे कसे आहे?

छातीचे. म्हणजे या म्हाताऱ्याला माहीत होते.

अशा वेळी सरळ माणसाने काय केले असते ते मला आता कळते. मी मात्र विचार केला की याच्याकडून काढून घ्यावे. मी भाऊ होऊन लिहिले. चांगल्या इंग्रजीत, स्वल्पविराम जागच्या जागी ठेवून लिहिले की, माझी प्रकृती बरी आहे, आभारी आहे, प्रकृतीविषयी मी आपणांस पूर्वी नेमके काय कळवले होते त्याची कृपया आठवण द्यावी.

 उत्तर आले: तू कोण आहेस?

मी लिहिले, मीच. तेही छोट्या अक्षरांत.

त्याने विचारले, शेवटच्या फोटोत तुझ्या टेबलावर कोणता सेट होता? मी वळून टेबलाकडे पाहिले. वहिनींनी केव्हाच सगळे सेट पोत्यात भरून माळ्यावर टाकले होते. मी उत्तर शोधत असताना हिरवा ठिपका गेला आणि पडद्यावर सूचना आली की या सभासदाचे खाते संशयावरून बंद करण्यात येत आहे.

"काय झालं?" वहिनींनी विचारले.

मी सांगितले. काही न वगळता सांगितले, कारण त्या मागेच उभ्या होत्या.

 त्या म्हणाल्या, "म्हंजी त्यांना कुणी कळवलंच न्हवतं? आपण पाव्हण्यापैकी एकूण एकाला सांगावा धाडला आन ज्यांच्यासंगं ते रोज बोलत हुते त्यांना न्हाई?"

"मला वाटलं, आधी बघावं ती माणसं कशी आहेत."

"आवं भावजी, मयताचा सांगावा घेऊन गेलेला माणूस कुणाच्या घरात जाऊन बसतो व्हय? दारात उभं राहून सांगायचं असतं. पाणीसुदीक घेत न्हाईत. तुमी शिकलेली माणसं. तुमी तर मेलेल्याचीच टोपी घालून माजघरात गेलासा."

लहानपणी वडिलांबरोबर मी एकदा असा सांगावा घेऊन मसूरला गेलो होतो. वडील अंगणातच थांबले, पायातले काढले नाही, जे सांगायचे ते सांगितले आणि वळले. आतून बाईने पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांनी घेतला नाही. मला तहान लागली होती, तरी मलाही पिऊ दिले नाही. हे मला माहीत नव्हते असे नाही. काचेच्या पडद्यालाही दार असते, हे मनात आले नाही.

सांगलीला परत येऊन मी माझ्या नावाने नोंदणी केली. कशासाठी यायचे आहे, या रकान्यात लिहिले: अमुक टोपणनावाच्या तुमच्या सभासदाचा मी धाकटा भाऊ. तो वारला, हे कळवण्यासाठी. रविवारी त्याच्या नावाने आलो होतो तो मीच. ती माझी चूक.

चार दिवस काही नाही. या चार दिवसांत मला उलटाच संशय छळू लागला, की ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. पाचव्या दिवशी होकार आला.

आत गेलो तर कॅनडातल्या म्हाताऱ्याने भावासाठी एक नवी माळ सुरू केलेली होती. निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. तिघांनी त्या मोठ्या अक्षरांत लिहिल्या होत्या, वर क्रमांक आणि वेळ घालून. आणि शेवटी म्हाताऱ्याचे मला उद्देशून पत्र होते. त्यात मायना नव्हता. 'त्याने आम्हाला गेल्या वर्षी सांगितले होते की त्याचे रिपोर्ट त्याच्या धाकट्या शिकलेल्या भावाने वाचले आणि काळजीचे काही नाही म्हणून सांगितले. आम्ही डॉक्टरकडे जा म्हणून त्याच्या मागे लागलो होतो, ते त्यानंतर थांबलो. तो भाऊ तुम्हीच का?'

मी मागे जात जात ते मूळ पत्र काढले. क्रमांक, वेळ, आणि मग: REPORTS SEEN BY YOUNGER BROTHER. EDUCATED. NOTHING SERIOUS. SUBJECT CLOSED.

मी कसलेही रिपोर्ट पाहिले नव्हते.

ते पत्र छापून घेतले आणि रविवारी उंब्रजला नेले. वहिनींना ओळ न् ओळ मराठीत सांगितली. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, त्यावरची अक्षरे न्याहाळली, आणि माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसे पाहिले नव्हते.

"तुमी खरंच वाचले न्हवते?"

"नाही, वहिनी."

"का मला आता वाईट वाटू नये म्हणून न्हाई म्हणताय?"

"नाही. मला माहीतच नव्हतं."

"कवाचं हाय हे?"

मी तारीख सांगितली. मार्चअखेर. त्यांनी बोटांवर काही जुळवले.

"आदल्या दिवशी सांगलीला आलते तुमच्याकडं. हातात पिवळं पाकीट हुतं. मी इचारलं, काय हाय? म्हणाले, भावाला दाखवायचं हाय. मला वाटलं, रेडिओचे नकाशे."

तो दिवस मला आठवला. ग्रंथालयात पुस्तकांची वार्षिक मोजदाद चालू होती, कपाटे उघडी, जमिनीवर थप्प्या. भाऊ वाचनकक्षात टेबलाच्या पलीकडे पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने विचारले, "लय काम हाय का रं?" मी म्हणालो, "आठवडाभर मान वर करायला सवड नाही. रेडिओचं काय असेल तर नंतर बघू." तो म्हणाला, "तसं कायतरीच." तासभर तिथेच बसून राहिला. वर्तमानपत्र चाळले. मग उठून गेला. पिशवीत काय आहे, हे मी विचारले नाही.

हे सगळे मी वहिनींना सांगितले. सांगताना त्यांच्याकडे पाहता आले नाही. त्या कागदाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

"म्हंजी ठाव हुतं त्यांना," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्यापास्नं लपवलं. पर तुमच्या दारापतूर आणलं हुतं."

"हो."

"आन त्या माणसांना सांगितलं की तुमी वाचलं."

"हो."

"मग आता त्यांना काय लिवणार?"

माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. मी वाचले होते असे लिहिले, तर भाऊ खोटा ठरत नव्हता. नाही लिहिले, तर मेलेल्या माणसाचा शब्द चारचौघांत पडत होता. मी तसे बोलून दाखवले.

"त्यांनी खोटं सांगितलं ते सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यावर तुमी आनखी एक घालू नका. माझ्यासमोरच लिवा."

मी मोबाइलवर, माझ्या नावाने लिहायला बसलो. रिपोर्ट मी वाचले नाहीत. तो ते माझ्याकडे घेऊन आला होता. मी मोजदादीत होतो. त्याच्या हातात काय आहे ते मी विचारले नाही. तुम्ही त्याच्या मागे लागला होता, हे मला आणि त्याच्या पत्नीला आता कळले. स्वल्पविराम कुठे पडले ते या वेळी पाहिले नाही. मजकूर वहिनींना मराठीत वाचून दाखवला आणि पाठवला.

"पोचलं का?"

"अजून नाही. नव्या माणसाचं पत्र त्यांचा माणूस आधी वाचतो, मग आत घेतात."

"घेऊ द्या," वहिनी म्हणाल्या, आणि उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसल्या. "वाचल्याबिगर घेऊ नयेच."