मधलीबाईंचा पळणारा बोका

तीन बहिणींतली ती दुसरी, म्हणून घरात मधली. पुढे कार्टूनच्या स्टुडिओत लागली आणि तिथंही मधलीच झाली. बोका उडी मारतो, त्या उडीचं पहिलं आणि शेवटचं चित्र मुख्य चित्रकार दादा काढायचे. मधली सगळी हिची. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर कागदावर कागद ठेवून ती बोक्याला तसूतसूनं पुढं सरकवायची. बोका उंदरामागं धावायचा, भिंतीवर आपटून चपटा व्हायचा, अंग झटकून पुन्हा धावायचा. तोंडातून शब्द एक नाही. पण थिएटरात माणसं पोट धरधरून हसायची.

"माझा बोका नुसता फोटोला उभा राहतो," दादा म्हणायचे. "पळतो तो हिचा."

ती मान वर करायची नाही. पण त्या दिवशी घरी भांड्यांचा आवाज कमी यायचा, एवढं थोरलीला कळायचं. मधलीनं लग्न केलं नव्हतं. ती थोरलीकडंच राहायची. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची, म्हणून त्या घरात तिला कुणी वर तोंड करून बोलत नसे.

मग टीव्ही आला. थिएटरं कार्टून घेईनात आणि टीव्हीला दर आठवड्याला नवं हवं. स्टुडिओच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"आता बोक्याला टाय आणि उंदराला गळपट्टा."

"सोयरीक ठरली काय दोघांची?" दादांनी विचारलं.

"तसंच समजा. मारामारी बंद, पोरं बिघडतात म्हणे. आता दोघं दोस्त. हिंडतील, गप्पा मारतील."

टायची खरी गोम वेगळीच होती. टायच्या वर मुंडकं, खाली धड. धड एकदाच काढून ठेवायचं, मुंडकं तेवढं बदलत राहायचं. सांधा टायखाली झाकून जातो. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी धजत नाही म्हणतात. साहेबांनी टाय बांधला आणि बोक्याचे पायच गेले. मधली चित्रं काढणारी माणसं एकेक करून घरी बसली.

शेवटी ही साहेबांपुढं उभी राहिली. "माझं काय?"

"मधलीबाई, बोलण्याची तोंडं काढाल? आ, ई, ओ."

"ती झाली की काढून."

"हो, झालीच." साहेबांनी कान खाजवला. "असं करा. सुरुवातीला नावं येतात, तेव्हा दोघांना एकदा पळू द्या. मन लावून करा. मग बघू."

त्या 'बघू'वर तिनं सगळा जीव टांगला. बोक्याचा टाय वाऱ्यावर मागं उडवला, पाठ धनुष्यासारखी वाकवली. शेवटचं पाऊल असं टेकवलं, की ते पहिल्या पावलाला बेमालूम जुळलं. धाव कुठं सुरू होते, कुठं संपते, पत्ता लागू नये.

दादा कागद भरभर उलटत बघत राहिले. हसले नाहीत.

"चुकलं का काही?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं गं. टोकाला टोक जुळवलंस. आता हाच तुकडा फिरवत बसतील. बोका थांबायचा नाही आणि तुला कुणी बोलवायचं नाही."

तिनं गठ्ठा परत आपल्यापुढं ओढला. मग म्हणाली, "एखादं पाऊल मोडू?"

"तुझ्यानं होईल?"

तिनं खोडरबर उचललं. बोक्याच्या मागल्या पायावर नेलं. तिथंच धरून ठेवलं. मग खाली ठेवलं आणि गठ्ठा साहेबांकडं नेऊन दिला.

"शाब्बास! हे जन्मभर पुरेल," साहेब म्हणाले.

पुरलं. त्या मालिकेतून दुसरी निघाली, त्यात बोका-उंदीर शाळकरी पोरं झाले. तिसरीत चंद्रावर गेले. दर वेळी धाव तीच, डोक्यावर टोपी तेवढी नवी चिकटवलेली. मधलीला निरोप आला नाही. डब्याचं कारण सरलं, तशी थोरलीची सून तिला भाजी निवडायला बसवून टीव्हीसमोरून ये-जा करू लागली, जरा सरका म्हणू लागली.

"सुरू झालं का गं तुझं कार्टून?" थोरलीनं आतून विचारलं.

पडद्यावर नावं सरकत होती. नावांमागं तिचा बोका पळत होता; गप्पा सुरू व्हायच्या होत्या.

"नाही अजून," मधली म्हणाली.